होळकरांचा रंगमहाल आणि पॅरिसचा कॅमेरा

मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे. कोरीव लाकूडकाम आणि भित्तिचित्रं यांसाठी ओळखला जाणारा हा वाडा अहिल्याबाईंच्या काळातला. खुद्द अहिल्याबाईंचं छायाचित्र मात्र असणं शक्यच नाही. त्या १७९५ मध्ये गेल्या; छायाचित्रणाची कला जगापुढे आली १८३९ मध्ये. पांढरं लुगडं, हातात शिवपिंडी हे आपल्या परिचयाचं रूप चित्रकारांनी घडवलेलं. राज्याच्या हुकुमांवर स्वतःच्या नावाऐवजी ‘श्रीशंकर’ घालणाऱ्या बाईंना आपली छबी मागे ठेवायची हौस असेल, असं वाटतही नाही.

त्याच घराण्यातलं एक जोडपं पुढे पॅरिसमध्ये छायाचित्रकार मॅन रे याच्या कॅमेऱ्यासमोर बसलं, ही हकिकत महाराष्ट्रात फारशी सांगितली जात नाही.

होळकर आणि कॅमेरा यांची ओळख जुनी. छायाचित्रकार लाला दीनदयाळ होळकरांच्या इंदूरमध्ये बांधकाम खात्यात नोकरीला होते आणि १८७०च्या दशकात महाराज दुसऱ्या तुकोजीरावांनी त्यांच्या छायाचित्रणाला उत्तेजन दिलं. त्या काळी राजाचा फोटो म्हणजे पगडी, तलवार, मोत्यांचे सर आणि ताठ मान. फोटोत गादी दिसे, गादीवरचा माणूस क्वचितच.

दुसरे यशवंतराव होळकर १९०८ चे. वडिलांनी गादी सोडल्यावर १९२६ मध्ये ते महाराज झाले, तेव्हा वय जेमतेम सतरा, शिक्षण ऑक्सफर्डला. पत्नी संयोगितादेवी कागलच्या घाटग्यांच्या घरातल्या. पॅरिसला या दोघांचे फोटो काढणारा मॅन रे मूळचा इमॅन्युएल रॅडनित्स्की, अमेरिकेत स्थायिक झालेल्या रशियन ज्यू कुटुंबातला. नावही पुढे घडवलेलं. १९२४ मध्ये त्याने एका स्त्रीच्या उघड्या पाठीवर व्हायोलिनची छिद्रं दाखवून शरीराचंच वाद्य करून टाकलं होतं.

१९३०च्या आसपासच्या त्याच्या छायाचित्रांत इंदूरचे महाराज-महाराणी पाश्चात्त्य कपड्यांत, एकमेकांना बिलगून बसलेले दिसतात. सिंहासन नाही, चोपदार नाही. बाजूला नाव लिहिलं नसतं तर हे संस्थानिक आहेत, हे कुणाला कळलंही नसतं. माझ्या मते यातलं खरं धाडस संयोगितादेवींचं. मराठा सरदार घराण्यांत गोषा पाळला जाण्याचा तो काळ, आणि विशीही न गाठलेली कागलची मुलगी डोईवर पदर न घेता परक्या पुरुषाच्या कॅमेऱ्यात बघते आहे. यशवंतरावांनी तर केवळ पगडी काढली होती.

पण एवढ्यावरून ते परंपरेला पाठमोरे झाले म्हणणं घाईचं ठरेल. फ्रेंच चित्रकार बर्नार बूते द मोंव्हेल याने १९२९ मध्ये त्यांना पाश्चात्त्य मेजवानीच्या पोशाखात रंगवलं. चार-पाच वर्षांनी त्याच चित्रकाराकडून त्यांनी दुसरं चित्र करून घेतलं, ते मराठा पेहरावातलं: शुभ्र कपडे, होळकरी पगडी, गळ्यात ‘इंदूर पेअर्स’ हे प्रत्येकी सुमारे ४७ कॅरेटचे दोन हिरे. बारीक, लांब बोटांचा देह दोन्हींकडे तोच. यांतलं ‘खरं’ चित्र कोणतं, हा वाद मला निरर्थक वाटतो. दोन्ही वेळा काय घालायचं, कसं बसायचं हे ठरवणारा माणूस एकच होता; दरबारी फोटोंत ते रिवाज ठरवत असे.

घराच्या बाबतीतही त्यांनी हेच केलं. जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियसकडून त्यांनी इंदूरला माणिकबाग हा आधुनिक राजवाडा बांधून घेतला आणि शिल्पकार ब्रांकुशीची ‘अवकाशातील पक्षी’ ही शिल्पं विकत घेतली.

संयोगितादेवी १९३७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. वय पुरतं पंचवीसही नव्हतं. यशवंतराव १९६१ मध्ये गेले. माणिकबागेतल्या फर्निचरचा मोनॅकोला १९८० मध्ये लिलाव झाला आणि वास्तूत सरकारी कर खात्याचं कार्यालय आलं. मॅन रेने काढलेली छायाचित्रं २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयात यशवंतरावांवरच्या मोठ्या प्रदर्शनात मांडली गेली. चांदवडच्या रंगमहालातही त्यांच्या प्रती लावायला हरकत नसावी.