शेंड्यावरचे दहा ग्रॅम

अंजनगाव सुर्जीहून उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याकडे निघालं की शहानूर धरण लागतं. या भागात गळाची काठी म्हणजे पूर्वापार बांबू. मेळघाटाकडचा मानवेल बांबू जवळजवळ भरीव. बुडखा जाड, शेंडा निमुळता. वजन आपोआप हाताकडे राहतं आणि मरळीची वाट बघत तासन्‌तास बसलं तरी मनगट तक्रार करत नाही.

फायबरची किंवा कार्बनची काठी घेणाऱ्याला मात्र तोल स्वतः साधावा लागतो, कारण तिला रील जोडायचं असतं. काठी पुढे झुकते म्हटलं की सल्ला ठरलेला: जड रील लाव. हा सल्ला बहुतेक वेळा फसतो. का, ते साध्या हिशेबात दिसतं.

समजा, काठी २१० सेंटीमीटर लांब आणि १६० ग्रॅम वजनाची आहे. रील काठीखाली लटकतं आणि त्याची दांडी आपल्या बोटांच्या मध्ये येते. ही पकड बुडख्यापासून ३० सेंटीमीटरवर. काठीचा गुरुत्वमध्य पकडीच्या पुढे ५० सेंटीमीटरवर असेल, तर पुढे झुकवणारा जोर १६० गुणिले ५०, म्हणजे ८००० ग्रॅम-सेंटीमीटर. मनगट सावरणारे स्नायू सांध्यापासून जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटरवर ओढतात. म्हणजे पावशेराहूनही हलकी काठी आडवी धरायला त्यांना तीन-चार किलोचा ताण सतत द्यावा लागतो. हात भरून येतो तो यामुळे.

आता रील २८० ग्रॅमचं काढून ४०० ग्रॅमचं लावलं तर? रील हाताच्या थेट खाली आहे, त्याचं पकडीपासूनचं अंतर जवळजवळ शून्य. शून्याला कितीनेही गुणा, झुकाव तेवढाच राहतो. खांद्यावर १२० ग्रॅम मात्र वाढले. बैलगाडीत ओझं थेट चाकाच्या आसावर ठेवलं, तर ते कितीही वाढवा, बैलांच्या मानेवरचा भार कमी होत नाही. त्यासाठी ओझं आसाच्या मागे सरकवावं लागतं. आर्किमिडीजने मांडलेला तरफेचा नियम तो हाच.

मग वजन बुडख्यात घालावं? घालता येतं, पण पूर्ण तोलासाठी ८००० भागिले ३०, म्हणजे सुमारे २६७ ग्रॅम लागतील. काठीपेक्षा तिचं टोपण जड! त्यापेक्षा शेंड्याकडे बघावं. शेंडा पकडीपासून १८० सेंटीमीटर दूर आहे. तिथल्या कड्या, गुंडाळलेला दोरा, वरचा लेप यांतून १० ग्रॅम वाचले, तर बुडख्यात ६० ग्रॅम घातल्याइतका फायदा होतो. म्हणून काठी निवडताना मी आधी शेंड्याच्या कड्या बघेन, रीलची किंमत नंतर.

आणखी एक गोष्ट दुकानात कळत नाही. काठी नुसती धरायची नसते, फेकायचीही असते. झटक्याने फिरवताना वस्तूचा विरोध अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो. शेंड्यावरचे १० ग्रॅम या हिशेबात बुडख्यातल्या ६० ग्रॅमच्या सहापट भारी पडतात. शिवाय तोल धरताना हे दोन भार एकमेकांना खोडतात, पण फिरवताना त्यांची बेरीज होते. त्यामुळे बुडख्यात वजन भरलेली काठी बोटावर अगदी सरळ राहते आणि फेकताना सुस्त वाटते. दिवसभर पुन्हापुन्हा आमिष फेकणाऱ्याने थोडा झुकाव राहू द्यावा. बुडख्यात वजन घालणं त्याला शोभतं, जो काठी हातात आडवी धरून बसणार आहे. काठी ६० अंश वर उचलून धरली, तर झुकाव फुकटातच निम्मा होतो.

परीक्षा घ्यायची तर रीलमध्ये दोरी पूर्ण भरून, ती सगळ्या कड्यांतून ओवून, नेहमीचं आमिष टांगून घ्यावी. मग रीलच्या दांडीपुढे एक बोट खाली धरून काठी ठेवावी. तिथून चार-पाच सेंटीमीटर पुढे ती आडवी राहिली, तरी मला ते पुरेसं वाटतं.

काठीवर बसणाऱ्या रीलचं गणित वेगळं. त्याचं वजन पकडीच्या वर असल्याने काठी कुशीवर वळू पाहते आणि बोटांना ते वळण सतत रोखावं लागतं. तिथे हलकं, बुटकं रीलच बरं.

हा सगळा खटाटोप मासा लागेपर्यंतच. किलोभराची ओढ शेंड्यावर आली की दहा-वीस ग्रॅमांचा हिशेब पुसला जातो. तेव्हा काठी वाकते, वाकल्याने ओढीचं हातापासूनचं अंतर कमी होतं, आणि मनगटाऐवजी कोपर अंगाशी घेऊन पाठीने जोर लावायचा असतो.