तळहातावर मावणारा अ‍ॅम्प्लिफायर

हरिनाम सप्ताहाच्या मांडवात काकड्यापासून कीर्तनापर्यंत चालणारा अ‍ॅम्प्लिफायर उचलायला दोन्ही हात लागतात. आत लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर, मागे अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांचा हीटसिंक, आणि वैशाखात तासाभराने त्यावर हात ठेववत नाही. मांडवाला नव्हे, पण घरच्या भजनाला पुरून उरेल एवढा आवाज आज तळहातावर मावणाऱ्या बोर्डातून निघतो. किट आणून तो घरच्या टेबलावर जोडता येतो आणि चालताना जेमतेम कोमट होतो. नांदेड-लातूरकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि विजेचा भरवसा नसतो. अशा ठिकाणी या कोमटपणाला मोल आहे.

आवाज वाढवताना उष्णता होतेच का? जुन्या पद्धतीत ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा राहून वीज अडवतो. पुरवठा १२ व्होल्टचा आणि स्पीकरला त्या क्षणी हवेत ५, तर मधले ७ व्होल्ट ट्रान्झिस्टर स्वतःच्या अंगावर घेतो आणि तापतो. छताच्या पंख्यांचे जुने, चौकोनी, गरम होणारे रेग्युलेटर असेच काम करत. या पद्धतीतल्या क्लास बी प्रकाराची कार्यक्षमता कागदावरसुद्धा ७८.५ टक्क्यांच्या वर जात नाही, आणि तीही पूर्ण आवाजात. स्पीकरवरचे व्होल्टेज पावपट केले की ती २० टक्क्यांच्या आसपास येते. गाणे ऐकताना आपण बहुतेक वेळ याच हलक्या आवाजात असतो, म्हणजे बॅटरीतली बहुतेक वीज हीटसिंक तापवण्यात जाते.

क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर, ज्याला बाजारात डिजिटल म्हणतात आणि जो तळहातावरच्या बोर्डात असतो, ट्रान्झिस्टरला अर्धवट उघडू देतच नाही. तो पूर्ण चालू असतो, नाहीतर पूर्ण बंद. चालू असताना त्याच्यावर व्होल्टेज जवळजवळ पडत नाही, बंद असताना त्यातून प्रवाह जात नाही. दोन्ही वेळा उष्णता नाममात्र. मग नुसत्या चालू-बंदमधून तानपुरा कसा निघतो? चिपच्या आत एक त्रिकोणी लहर सेकंदाला चार लाख वेळा वरखाली होत असते. एक छोटे सर्किट क्षणोक्षणी पाहत असते, की येणारा आवाज वर आहे की ही लहर. आवाजाची पातळी चढली की 'चालू'चा काळ लांबतो, उतरली की आखडतो. चालू-बंदचे हे ठोके सगळे सारख्या उंचीचे, रुंदी मात्र प्रत्येकाची निराळी. पुढे बसवलेली कॉइल आणि कपॅसिटर या ठोक्यांची सरासरी काढतात आणि स्पीकरला मूळ गाणे मिळते. माणसाच्या कानाची मजल सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंत. ठोके त्याच्या वीसपट वेगाने पडतात. नांदेडचे गायक पं. नाथराव नेरळकर यांची एखादी मींड अशी लाखो तुकड्यांत कापली जाते आणि पुन्हा अखंड बाहेर येते. कापल्याची खूण कानाला सापडत नाही. इलेक्ट्रॉनिक्समध्ये इतकी देखणी कल्पना मला क्वचितच दिसली आहे.

गंमत म्हणजे हा प्रकार लोकांपुढे आला तोच किटच्या रूपात. ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९६४ साली एक्स-१० नावाचा क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर घरी जोडण्यासाठी विकायला काढला. नावात १० असले तरी त्यातून अडीच वॅटच निघत. त्या काळचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर एवढ्या झपाट्याने चालू-बंद होऊच शकत नव्हते. चपळ मॉसफेट ट्रान्झिस्टर आले तेव्हा कल्पनेला हात-पाय फुटले. पुढे भारतीय वंशाचे अभियंता आद्या त्रिपाठी यांनी १९९५ साली कॅलिफोर्नियात ट्रायपाथ ही कंपनी काढली. तिच्या टीए२०२० या चिपने स्वस्त, छोट्या अ‍ॅम्प्लिफायरमधूनही कान तृप्त होतात हे दाखवून दिले. कंपनी २००७ मध्ये बुडाली. दोन वर्षांनी 'आयट्रिपलई स्पेक्ट्रम' या नियतकालिकाने जग हलवणाऱ्या २५ चिप निवडल्या, त्यांत टीए२०२० होती.

आज किटमध्ये बहुधा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३११६ ही चिप असते. आपल्याकडचे दुरुस्तीवाले अजून पहिल्यांदा '४४४०चा बोर्ड' सुचवतात. सान्योची ती आयसी सोशिक खरी, पण जुन्या तापणाऱ्या घराण्यातली. सुट्या भागांसाठी नांदेडकरांना मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपेक्षा हैदराबादच्या कोठीतली गुजराती गल्ली जवळची पडते. आता कुरिअरनेही सगळे घरपोच येते.

टीपीए३११६चे ३२ पाय एकमेकांपासून अवघ्या ०.६५ मिलिमीटरवर असतात, म्हणून चिप बोर्डावर आधीच बसवलेली घ्यावी. आपण जोडायचे ते मोठे कपॅसिटर, कॉइल, व्हॉल्यूम आणि सॉकेट. त्याला २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न पुरते. उन्हाळा असला तरी टेबलावरचा पंखा बंद ठेवावा, वाऱ्याने टोक थंड होते आणि सांधा कच्चा राहतो. खिडकी मात्र उघडी असावी. टोक आधी पॅड आणि पाय या दोघांना एकदम टेकवायचे, दोन सेकंद थांबायचे, मग सोल्डरची तार टोकाला नव्हे तर सांध्याला लावायची. सोल्डर आपणहून पसरत पायाभोवती चढते आणि चकाकते. ती गोळी होऊन नुसती वर बसली तर समजावे, तो 'ड्राय सोल्डर' आहे. आज चालेल, महिन्याने खरखर सुरू होईल. कपॅसिटरच्या अंगावरचा उणे चिन्हाचा पट्टा उणे बाजूलाच यायला हवा. उलटा बसला तर तो फुगतो, कधी फुटतोही.

पहिल्यांदा वीज देताना मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॅटचा बल्ब पुरवठ्याच्या तारेत सिरीजमध्ये घालावा. बोर्डात कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि चिप वाचते. क्षणभर चमकून विझला तर कपॅसिटर भरले, काम नीट झाले.

खोक्यावरच्या '५० + ५० वॅट'वर मात्र जाऊ नये. तो आकडा २१ व्होल्ट पुरवठा आणि ४ ओहमचा स्पीकर असताना खरा, तोही आवाज फाटायला लागल्यावरचा. १२ व्होल्टवर ८ ओहमच्या स्पीकरला फार तर ९ वॅट मिळतात, ४ ओहमच्या स्पीकरला १८. घराला एवढे भरपूर झाले. फवारणी पंपातली १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची बॅटरी काढली तर तिच्यात ९६ वॅट-अवर असतात. निम्मीच वापरली आणि बोर्डाने सरासरी ४ वॅट ओढले, तरी रात्रभराचे भारनियमन निघून जाते.

दोन गोष्टी जपाव्यात. या चिपमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवर ठोके येतात, उणे तार जमिनीला जोडलेली नसते. म्हणून डाव्या-उजव्या स्पीकरच्या काळ्या तारा एकत्र बांधू नयेत किंवा डब्याला टेकवू नयेत. शिवाय चार लाखांच्या या ठोक्यांचे पडसाद मध्यम लहरींच्या पट्ट्यात, म्हणजे ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झमध्ये पडतात. शेजारी परभणी आकाशवाणी लावलेला रेडिओ असेल तर तो खरखरतो. बोर्ड पत्र्याच्या डब्यात बसवून डबा पुरवठ्याच्या उणे तारेला जोडला, स्पीकरच्या तारा पीळ देऊन आखूड ठेवल्या आणि कॉइलशिवाय आलेले स्वस्त बोर्ड टाळले, की ही खरखर बरीच बसते.