‘ब्रोक’ : व्यापाऱ्याच्या नादारीपासून रिकाम्या खिशापर्यंत

जवळचे पैसे संपले आहेत, हे सांगण्यासाठी इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी सहज येणारा ‘ब्रोक’ हा शब्द ‘मोडणे’ या अर्थाच्या ‘ब्रेक’ या क्रियापदापासून झालेले विशेषण आहे. या विशेषणाची ‘ब्रोकन’ आणि ‘ब्रोक’ अशी दोन रूपे पूर्वी प्रचारात होती. पुढे प्रमाण भाषेत पहिले स्थिरावले, तरी पैशाच्या संदर्भात दुसरे टिकून राहिले.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस व्यापारी ‘मोडला’ म्हणजे त्याचे दिवाळे निघाले, असा प्रयोग इंग्रजीत रूढ होता. शेक्सपिअरच्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’ या नाटकात अँटोनिओ आता ‘मोडणार’ असे त्याचे धनको म्हणतात, ते याच अर्थाने. ‘बँकरप्ट’ या शब्दाच्या मुळाशीही मोडण्याचीच कल्पना आहे. सराफ ज्या बाकावर व्यवहार करीत त्याला इटालियन भाषेत ‘बांका’ म्हणत, आणि ‘बांका रोत्ता’, म्हणजे मोडलेले बाक, हा शब्दप्रयोग फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. नादार सराफाचे बाक लोक खरोखरच फोडीत, अशी कथा सांगितली जाते. परंतु येथील ‘मोडणे’ केवळ लाक्षणिक असणेही शक्य आहे. बँका ग्राहकांना चिनी मातीची फरशी देत आणि पत संपली की ती फोडत, ही ‘ब्रोक’विषयीची लोकप्रिय कथा मात्र निराधार आहे. दलाल या अर्थाचा ‘ब्रोकर’ हा शब्दही उच्चाराने जवळचा असला, तरी अर्थाच्या या परंपरेतला नाही.

इंग्लंडमध्ये १५४२ साली दिवाळखोरीचा पहिला कायदा झाला आणि त्यात ऋणकोकडे गुन्हेगार म्हणून पाहिले गेले, त्यामुळे ‘बँकरप्ट’ला कायद्याचा अर्थ आणि नामुष्कीची छटा चिकटली, ‘ब्रोक’ मात्र बोलीतच राहिला आणि मराठीतील ‘कडकी’प्रमाणे तात्पुरती, हसत सांगता येण्याजोगी तंगी दाखवू लागला. हवाईतील जुगाऱ्यांच्या बोलीत तर ‘गो फॉर ब्रोक’ म्हणजे असेल नसेल ते सारे डावावर लावणे. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकी सैनिकांच्या ४४२ व्या पलटणीने हेच शब्द आपले ब्रीद म्हणून स्वीकारले, तेव्हा कफल्लकपणाचा हा शब्द सर्वस्व पणाला लावण्याच्या निर्धाराचाही वाचक झाला.