जेंबे: पश्चिम आफ्रिकेचा ढोल आणि गोंदियाचं ऊन

आज जेंबेवर बोलतोय म्हटल्यावर घरूनच पहिला प्रश्न आला, "आपल्याकडे मांदर, डफ कमी आहेत का?" नाहीत. माघ पौर्णिमेला आपल्या सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला जाणाऱ्यांना तर हे सांगायलाच नको. म्हणून मांदरापासूनच सुरू करू.

मांदर गळ्यात आडवा अडकवतात. त्याला दोन तोंडं, म्हणजे एकेका हाताला एकेक. जेंबेला मात्र एकच तोंड, आणि दोन्ही हात त्याच्यावरच. माली, गिनी या भागातल्या मांडे लोकांचं हे वाद्य. झाडाचा एकच ओंडका कोरून मोठ्या पेल्यासारखा आकार करतात, वर शेळीचं कातडं मढवतात आणि दोऱ्यांनी ताणतात. खालची बाजू उघडी.

एकाच कातड्यातून मुख्य आवाज तीन निघतात. मधोमध तळहात मारून लगेच उचलला की खर्ज. बोटं जुळवून काठाजवळ मारली की मोकळा, गोल आवाज. हात तिथंच, पण बोटं सैल ठेवून टोकं झटक्यात टेकवली की कडक 'टाक्'! (हे तिन्ही भागात वाजवून दाखवलेत.) इथं ताकद लावायची नसते. हात दुखत असेल तर फटका चुकतोय. अंगठ्या आधी काढा. आणि ढोल जमिनीवर सपाट ठेवू नका, थोडा कलता धरा. खर्जाची हवा खालून बाहेर पडते, ती वाट बंद केली की आवाज दबतो.

तिकडे जेंबे सहसा एकटं वाजत नाही. सोबत काठीनं वाजवायचे दुनदुन ढोल असतात. मुख्य जेंबेवाल्यानं ठरलेला बोल वाजवला की नाचणारे पाऊल बदलतात.

आता माझी चूक सांगतो. वर्षभर पैसे साठवून लेकीला जेंबे घेतलं. मे महिन्यात ते बंद गाडीत राहिलं. दुपारी पाहतो तर कातडं काठापासून फाटलेलं! उन्हाळी शिबिराचा समारोप चार दिवसांवर आलेला.

कातडं सुकलं की आकसतं, ओल लागली की सैल पडतं. म्हणून तर आपल्याकडे डफ वाजवण्याआधी शेकतात, आणि तिकडे जेंबेही विस्तवाजवळ धरतात. पण शेकणं थोडा वेळच. बंद गाडीत ताण वाढतच जातो आणि कातडं तुटतं.

ढोलकी मढवणाऱ्या एका काकांकडे गेलो. जेंबे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. फिरवून बघितलं, म्हणाले, "कातडं भिजवून ओलंच चढवीन, पण सावलीत पुरतं सुकू द्या. घाई केली तर पुन्हा जाईल." चार दिवसांत ते होणार नव्हतं. लेक रुसली, रडली, आणि समारोपाला डफावर वाजवली.

जेंबे आता घरात आहे. आमच्या धानपट्ट्यातल्या पावसात आवाज उतरतो, तेव्हा दोऱ्या थोड्या ताणतो. गाडीत मात्र ते एकटं राहत नाही. तुमच्याकडे कुठलंही चामड्याचं वाद्य असेल, तर आजच बघा, ते कुठं ठेवलंय. भेटू पुढच्या भागात.