जुना लॅपटॉप मोडीत काढण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि घरोघरचे चालते-बोलते लॅपटॉप एका दिवसात कालबाह्य ठरले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा तरी लागतो. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेली जवळपास सगळी यंत्रं बाद. ‘नवीनच घ्या, यात आता काही राम नाही,’ असं दुकानात सांगितलं जातं. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. विंडोज ११ ने नाकारलेलं यंत्र संथ असतंच असं नाही; आणि जे संथ असतं, त्यात बहुतेक वेळा प्रोसेसरचा दोष नसतो.

खात्री करून घ्यायला पैसे लागत नाहीत. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. लॅपटॉप अडून बसलेला असताना सीपीयूचा आकडा दहा-पंधरा टक्के आणि डिस्कचा शंभर दिसला, तर दुखणं हार्ड डिस्कचं आहे. लॅपटॉपमधल्या बहुतेक हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो, शिवाय हेड सरकायला वेळ लागतो तो वेगळाच. अशा डिस्कला सेकंदाला शंभरेक ठिकाणंच कशीबशी वाचता येतात आणि विंडोज सुरू होताना तर हजारो बारीक फायली मागते. एसएसडीत फिरणारं काही नाही, त्यामुळे साधी साटा एसएसडीसुद्धा सेकंदाला हजारो ठिकाणं सहज वाचते. २०१० च्या सुमाराच्या लॅपटॉपमधली साटा जोडणी तिचा पूर्ण वेग पेलत नाही, तरी फरक लगेच जाणवतो. कारण खरा फायदा ही ताटकळ संपण्यात आहे.

पहिला खर्च या एसएसडीचा, दुसरा रॅमचा. चार जीबीचे आठ केले की ब्राउझरचं गुदमरणं थांबतं. फक्त जुळणी नीट बघा: डीडीआर३ आणि डीडीआर४ च्या पट्टीवरची खाच वेगवेगळ्या जागी असते, आणि इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरवरच्या बहुतेक लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल पट्टीच लागते. बॅटरी काढून (आत स्क्रूने बसवलेली असेल तर आधी तिची पिन सोडवून) मागचं झाकण उघडा. पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या क्लिपा बाहेर ओढल्या की पट्टी आपोआप तिरकी उभी राहते. नवी तशीच तिरकी सरकवून खाली दाबायची, ‘टक्’ आवाज येईपर्यंत. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग दिलेली असते. तिथे हात घालू नये. बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल तर बाकी सगळं राहू द्या, आधी ती बदला.

आता ऑपरेटिंग सिस्टीम. आडमार्गाने विंडोज ११ टाकता येतं, पण पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ब्राउझर, ईमेल, मुलांचा अभ्यास, पत्रव्यवहार एवढंच काम असेल तर मी निःशंकपणे लिनक्स मिंट सुचवेन. त्याच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, ती दोन जीबी रॅमवरही चालते, आणि पेनड्राइव्हवरूनच सुरू करून वायफाय, आवाज, कॅमेरा तपासता येतो. तोवर डिस्कला धक्काही लागत नाही. युनिकोड मराठी त्यात उत्तम दिसते, इन्स्क्रिप्ट कळफलकही आहे.

अडचण येते ती टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांची आणि श्रीलिपीत मजकूर जुळवणाऱ्या डीटीपीवाल्यांची. ही कामं विंडोजवरची. अशांनी जुन्या यंत्रात एसएसडी घालून विंडोज १० ठेवावं, त्याचं इंटरनेट तोडावं आणि ते फक्त त्या कामासाठी वापरावं. फायली पेनड्राइव्हने हलवाव्यात, आणि काढलेली हार्ड डिस्क धड असेल तर यूएसबी केसमध्ये बसवून तिच्यावर बॅकअप घ्यावा.