कोयत्याचा मालक कोण?

दिवाळी सरली की अकलूजच्या शिवारात ऊसतोडकऱ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. माझे आईवडीलही तोडीला जात. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे अर्थशास्त्राच्या तासाला 'मालक-कामगार संबंध' शिकताना प्रश्न पडला, की यांचा मालक कोण?

कारखाना करार करतो तो मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी. मुकादम हंगामाआधी उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशेब टनावर आणि बहुधा नवऱ्याच्याच नावे. बाई पहाटे भाकरी थापून फडात जाते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरते. कागदावर मात्र ती नसतेच! आजारपणाने खाडा पडला तर दंड. उचल फिटली नाही तर पुढचा हंगामही बांधलेला. बीडच्या तोडकरी स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ साली सरकारला समिती नेमावी लागली. त्यामागे या खाड्याची धास्तीही होती, असे अनेक स्त्रियांनी सांगितले.

त्याच वर्षी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ निघाले. पुढे कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे ठरले. चांगलेच झाले. पण वर्गणी भरणे निराळे आणि 'ही माणसे आमची' म्हणणे निराळे. चरकावरचा कामगार कारखान्याच्या हजेरीपटावर असतो, त्याला प्रॉव्हिडंट फंड असतो. त्याच चरकासाठी ऊस तोडणारा त्या पटावर नाही, आणि मुकादमाच्या वहीत त्याच्या नावापुढे असते ती फक्त उचल.