पायऱ्यापायऱ्यांचा मुलूख

अमेरिकेच्या पश्चिमेकडील राष्ट्रीय उद्याने बसच्या सहलीने पाहून आलो, असे सांगितले की ज्यांनी तो मुलूख स्वतः मोटार हाकीत किंवा पाठीवर बिऱ्हाड घेऊन पायी पालथा घातला आहे, त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारची सहानुभूती उमटते. आणि पन्नास माणसांबरोबर, दुसऱ्याने आखलेल्या वेळापत्रकाने, काचेआडून पाहिलेल्या भूमीला पाहणे म्हणावे काय, हा त्यांचा प्रश्न अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. तथापि गेल्या जून महिन्यात लास वेगासहून निघून ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस कॅन्यन, ग्रँड टीटन आणि यलोस्टोन असा नऊ दिवसांचा प्रवास केल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की या उद्यानांचे परस्परांशी असलेले नाते समजून घ्यावयाचे असेल, तर त्यांच्या मधला रस्ता डोळे उघडे ठेवून पाहिला पाहिजे, आणि ज्याच्या हाती चाक नाही अशा बसच्या उतारूला तो जितक्या निवांतपणे पाहता येतो, तितका मोटार हाकणाऱ्याला कधीच येत नाही.

आमच्या बसमध्ये निरनिराळ्या देशांची माणसे होती आणि त्यांत आम्ही सहा मराठी; सगळे मुलांकडे म्हणून आलेले, कारण मुलांची रजा मोजकी, रस्त्याच्या उजव्या बाजूने मोटार चालवण्याचा आपल्याला सराव नाही, आणि एका उद्यानापासून दुसरे उद्यान म्हणजे कधी कधी पुणे-नागपूरच्या मापाचे अंतर. सांगलीकडच्या एका कन्याशाळेत तीस वर्षे भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एक शिक्षिका आमच्यात होत्या, आणि पहिल्याच संध्याकाळपासून आम्ही सर्वजण त्यांना बाई म्हणू लागलो. सहलीची शिस्त कडक असते. पहाटे साडेपाचला सामान खोलीच्या दाराबाहेर, साडेसहाला बस हलणार, आणि खिडकीचा लाभ सर्वांना मिळावा म्हणून प्रत्येकाची जागा रोज दोन ओळी सरकणार. या घाईबद्दल कुरकूर पुष्कळ ऐकू येते, पण तिचे मूळ कायद्यात आहे: उतारू नेणाऱ्या गाडीच्या चालकाने ८ तासांच्या सलग विश्रांतीनंतर १० तासांपेक्षा अधिक काळ गाडी हाकू नये आणि कामाचे १५ तास भरल्यावर चाकाला हातच लावू नये, असा अमेरिकेच्या संघ सरकारचा निर्बंध आहे, आणि मुक्कामांची सारी आखणी त्या १० तासांच्या मापाने होते.

या पद्धतीच्या सहलीला आता शंभर वर्षे उलटून गेली आहेत, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. १ मार्च १८७२ रोजी अध्यक्ष ग्रँट यांनी सही केलेल्या कायद्याने यलोस्टोनचा प्रदेश खाजगी मालकीपासून राखून ठेवला, तेव्हा तेथे पोहोचण्यास धड रस्ता नव्हता. पुढे आगगाडी जवळ आली, स्टेशनापासून घोडागाड्यांतून उतारूंना अनेक दिवसांच्या फेरीवर नेण्याचा प्रघात पडला, १९१५ साली मोटारींना प्रवेश मिळाला आणि १९१७ पासून घोडागाड्यांची जागा मोटारबसने घेतली. दक्षिणेला युटा राज्यात युनियन पॅसिफिक रेल्वेने सीडर सिटीपर्यंत लोहमार्ग नेला आणि तेथून झायन, ब्राइस व ग्रँड कॅन्यनचा उत्तर काठ अशी बसची फेरी १९२० च्या दशकात सुरू केली. त्या फेरीतील विश्रामगृहांत उन्हाळ्यापुरती चाकरी करणारी महाविद्यालयीन मुलेमुली, सकाळी बस निघताना अंगणात ओळीने उभी राहून उतारूंना गाणी म्हणून निरोप देत असत. पाहुण्याला वेशीपर्यंत पोहोचवण्याची ही रीत मला फार हृद्य वाटते.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. ग्रँड कॅन्यन ही दरी ४४६ किलोमीटर लांब, काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंद आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे, हे आकडे प्रत्येक माहितीपत्रकात असतात आणि काठावर उभे राहिल्यावर त्यांचा काहीच उपयोग होत नाही. कारण डोळ्याला एवढ्या खोलीचा सराव नसल्यामुळे पहिली काही मिनिटे समोर एखादा रंगवलेला पडदा सोडला आहे असेच वाटत राहते. दक्षिण काठावर आम्हाला तीन तास होते. बाईंनी ते छायाचित्रांत न घालवता ‘काळाची वाट’ नावाच्या पायवाटेवर घालवायचे ठरवले आणि मी त्यांच्याबरोबर गेलो. या वाटेवर प्रत्येक मीटर म्हणजे १० लाख वर्षे असे माप धरून जमिनीत पितळी खुणा बसवल्या आहेत, आणि दरीतील त्या त्या वयाचा खडक वर आणून वाटेच्या कडेला मांडला आहे. वाटेच्या आरंभीच्या संग्रहालयापासून निघून पावणेतीनशे मीटर चालावे, तो आपल्या पायाखालच्या काठाचा चुनखडक भेटतो, वय सुमारे २७ कोटी वर्षे. त्यानंतर मात्र चालतच राहावे लागते, आणि मैलभराच्या पलीकडे, १७५ कोटी वर्षांच्या सुमारास, करड्या काळ्या रंगाचा, अभ्रकाने चमकणारा एक खडक येतो. त्याचे नाव विष्णु. बाईंनी चप्पल काढली, त्याच्या गुळगुळीत केलेल्या अंगावर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, “आपला सह्याद्री याच्यापुढे कालचं पोर आहे हो.”

विष्णूचे नाव येथे आले ते क्लॅरेन्स डटन या लष्करी अधिकाऱ्यामुळे. भूगर्भाच्या मोजणीच्या कामगिरीवर आलेल्या या गृहस्थाला दरीतील शिखरे पाहून पौर्वात्य देवालयांची आठवण झाली आणि १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथातून विष्णुमंदिर, शिवमंदिर अशी नावे नकाशावर रूढ झाली. पुढे त्या शिखराच्या नावावरून तळाच्या खडकालाही तेच नाव पडले. मराठी प्रवाशाला याचा आनंद होतो आणि तो स्वाभाविक आहे. परंतु त्या दरीत ज्यांचे मळे होते त्या हवासुपाई लोकांची स्वतःची नावे त्या शिखरांना नव्हती काय, हा विचारही त्याबरोबर मनात आला पाहिजे. उद्यानाचा अंमल १९१९ साली सुरू झाल्यावर त्या लोकांना आपल्या जागा सोडाव्या लागल्या, १९७५ च्या कायद्याने सुमारे १ लाख ८५ हजार एकर जमीन त्यांना परत मिळाली, आणि दरीतील त्यांच्या जुन्या वस्तीच्या जागेला त्यांचे नाव अधिकृतपणे लागण्यास २०२२ साल उजाडले. आमच्या मार्गदर्शकाने ही हकीकत सांगितली नाही; सांगावयास हवी होती.

दुसऱ्या दिवशी घड्याळांनी आमची परीक्षा पाहिली. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करीत नाही. पण त्याच राज्यात असलेल्या नवाहो लोकांच्या मुलखात ते पुढे करतात. त्या मुलखातून बाहेर पडून पेज गावी आले की पुन्हा ॲरिझोनाची वेळ, आणि तेथून युटाची सरहद्द ओलांडली की पुन्हा एक तास पुढे. कोलोरॅडो नदीवरचे प्रचंड धरण या पेज गावीच आहे. तेथून सकाळी बस निघाली आणि अर्धी माणसे डुलक्या घेऊ लागली, कारण सहलीच्या पत्रकात या टप्प्याबद्दल ‘झायनकडे प्रयाण’ एवढेच शब्द होते. वस्तुतः सगळ्या प्रवासाचे मर्म याच टप्प्यात आहे.

ते असे, की ग्रँड कॅन्यनपासून उत्तरेकडे ब्राइसपर्यंतची जमीन एका अवाढव्य जिन्यासारखी चढत जाते, आणि जिन्याची ही कल्पनादेखील डटनच्याच काळापासून चालत आली आहे. प्रत्येक पायरीचा उभा भाग म्हणजे एक कडा. सर्वांत खाली तपकिरी, मग शेंदरी, मग पांढरा, मग करडा आणि माथ्यावर गुलाबी. ग्रँड कॅन्यनच्या काठावर ज्या चुनखडकावर आपण उभे राहतो, तोच झायनच्या तळाशी जातो. आणि झायनच्या माथ्यावरचे थर ब्राइसच्या पायथ्याशी येतात. म्हणजे तीन उद्याने हा एकच ग्रंथ आहे, तीन जिल्ह्यांत वाटून ठेवलेला, आणि बसमध्ये बसून आपण त्याची पाने जुन्याकडून नव्याकडे उलटत जातो. कनाब गावाच्या अलीकडे उजव्या हाताला शेंदरी कडा मैलोगणती सोबत करतो. गाव मागे टाकून बस चढू लागली की पांढरा कडा दिसतो, आणि तो पाहिल्याशिवाय झायन उलगडत नाही.

कारण झायनच्या भिंती त्याच वालुकाश्माच्या आहेत. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वी येथे वाळूच्या टेकड्यांचे वाळवंट होते. वारा ज्या दिशेने वाळू लोटत होता त्या दिशेच्या तिरप्या रेघा आजही दगडात जशाच्या तशा आहेत, आणि काही ठिकाणी या गोठलेल्या वाळवंटाची जाडी ६०० मीटरपर्यंत भरते. ती चिरून व्हर्जिन नावाची एक लहानशी नदी वाहते. पावसाळ्यात आपल्या ओढ्यांना जेवढे पाणी असते, तेवढेही एरवी तिला नसते. १९३० साली उघडलेला डोंगरातला बोगदा त्या काळच्या लहान वाहनांच्या मापाचा असल्याने आजच्या अवजड बसगाड्यांना तो अडचणीचा आहे, म्हणून आमची बस वळसा घालून आली. आणि मुख्य दरीत वर्षाचा बराच काळ खाजगी मोटारींना मज्जाव असल्यामुळे २००० सालापासून उद्यानाच्याच बसमधून आत जावे लागते. त्या एका हुकुमाने दरीत इतकी शांतता नांदते, की नदीचा आवाज रस्त्यावर ऐकू येतो.

ब्राइसला आम्ही सूर्योदयापूर्वी काठावर पोहोचलो. तेथे रात्री पाणी फटीत शिरून गोठते, गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते, दिवसा वितळते, आणि वर्षातील निम्म्याच्या आसपास दिवस हे चालू असल्यामुळे तळ्याच्या गाळाचा बनलेला मऊ चुनखडक फुटून हजारो सुळके उभे राहिले आहेत. पायूट लोक त्यांना शापाने दगड झालेली माणसे मानतात. पहिले ऊन पडले आणि सुळके आतून दिवा लावल्यासारखे केशरी झाले, तेव्हा बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, “आपल्याकडे नवरा-नवरीचे डोंगर असतात ना, तसं अख्खं वऱ्हाड आहे हे.” थोड्या वेळाने त्यांनी वहीत जिना काढला, प्रत्येक पायरीवर वय लिहिले, आणि करड्या व गुलाबी पायरीच्या मध्ये एक जाड काळी रेघ मारून तिच्यापुढे लिहिले: दख्खन, ६ कोटी ६० लाख. आपला काळा कातळ लाव्हारूपाने पसरला तो नेमका या दोन पायऱ्यांच्या दरम्यानच्या काळात. झायनचा दगड त्याच्याहून फार जुना आणि ब्राइसचा थोडा नवा. मी अनेक पुस्तके वाचली होती, परंतु आपल्या डोंगराची जागा त्या जिन्यात कोणती, हे मला प्रथम त्या वहीने सांगितले.

त्याच संध्याकाळची एक तक्रार नोंदवून ठेवतो. काठावरून सूर्यास्त दाखवण्याचे पत्रकात लिहिलेले असताना, वाटेतल्या एका भेटवस्तूंच्या दुकानात बस पाऊण तास थांबवली गेली आणि आम्ही पोहोचलो तेव्हा उजेड गेला होता. अशा थांब्यांची यादी पैसे भरण्यापूर्वीच मागून घ्यावी.

यानंतर सॉल्ट लेक सिटीचा मुक्काम आणि एक लांब, सपाट दिवस. ग्रँड टीटनची शिखरे पायथ्याच्या टेकड्यांविना एकदम जमिनीतून वर येतात, आणि त्यांच्यासमोरचे खोरे मोकळे राहिले ते धाकटे जॉन रॉकफेलर यांनी आपले नाव गुप्त ठेवून तेथील जमिनी विकत घेतल्या व पुढे राष्ट्राला दिल्या म्हणून. तेथे आम्ही दोनच तास होतो.

यलोस्टोनची गोष्ट निराळी आहे. तेथे थर नाहीत, आच आहे. सुमारे ६ लाख ४० हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाने खचलेल्या जमिनीवर हे उद्यान वसले असून, दहा हजारांहून अधिक उष्ण झरे, फवारे आणि वाफेची भोके त्यात आहेत. ‘ओल्ड फेथफुल’ नावाचा फवारा साधारण दीड तासाने उसळतो आणि त्याची वेळ फलकावर लिहिलेली असते, ती दहा मिनिटे इकडे-तिकडे होऊन खरी ठरते, कारण मागचा फवारा किती वेळ टिकला यावरून पुढचा केव्हा येईल याचा अंदाज बांधता येतो. खोल नळीतले पाणी वरच्या पाण्याच्या भाराखाली दबलेले असल्याने उकळण्याच्या अंशापलीकडे तापूनही पाणीच राहते. वरचे थोडे सांडले की भार हलका होतो आणि ते एकदम वाफ होऊन उसळते. त्याहून मोठी गोष्ट रंगीत कुंडांच्या काठावर आहे. पिवळा, नारिंगी, तपकिरी हे पट्टे खनिजांचे नसून बहुतांशी सूक्ष्मजीवांचे आहेत, प्रत्येक रंगाला आपापली उष्णता मानवते. आणि १९६० च्या दशकात थॉमस ब्रॉक यांना येथल्याच एका झऱ्यात सापडलेल्या जीवाणूपासून ते विकर मिळाले, ज्याच्या जोरावर पीसीआर ही तपासणी उभी राहिली. करोनाच्या साथीत आपल्या तालुक्यातालुक्यांत झालेल्या चाचणीचा एक धागा या कुंडाशी पोहोचतो.

गव्यांसारखे दिसणारे बायसन रस्ता अडवून उभे राहिले, तेव्हा बसच्या उंच आसनाचा खरा उपयोग कळला. नियम असा, की बायसनपासून २३ मीटर आणि अस्वल व लांडग्यापासून ९१ मीटर अंतर राखावे. येथले लांडगे १९२० च्या दशकात सरकारनेच मारून संपवले होते, आणि १९९५ साली सरकारनेच कॅनडातून आणून पुन्हा सोडले. आपली चूक सात दशकांनी दुरुस्त करणाऱ्या खात्याबद्दल मला आदर वाटतो.

ज्यांना जावयाचे आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेचे रहिवासी नसलेल्यांकडून वरील पाच उद्यानांसह एकूण ११ उद्यानांत नेहमीच्या शुल्काखेरीज माणशी १०० डॉलर घेतले जातात आणि त्यांच्यासाठी वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. सहलीच्या रकमेत हे धरले आहे की नाही, ते लेखी विचारून घ्यावे. जिना खालून वर चढणारी, म्हणजे ग्रँड कॅन्यनपासून आरंभ करणारी सहल निवडावी. आणि पेजहून निघण्याच्या दिवशी मार्गदर्शकाला विनंती करून उजव्या बाजूची खिडकी मागून घ्यावी, आणि कनाब येईपर्यंत जागे राहावे.